मामांच्या माळ्यावरचे जुने वस्तरे विकायचेत, भाव काय धरावा?

वाईकर_बाळ्या
मंडळी, विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा. वाईला मामांचं जुनं घर उतरवायला काढलंय, माळा रिकामा करताना एक पत्र्याची पेटी निघाली, त्यात आईच्या आजोबांचं दाढीचं सामान. ते ब्रिटिश काळातल्या जीआयपी रेल्वेत होते, साहेबी राहणीचे, घरात अजून त्यांचे किस्से चालतात. पेटीत पाच वस्तरे आहेत ते असे.

एक काळ्या मुठीचा, त्यावर जोसेफ रॉजर्स अँड सन्स, ६ नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड, इंग्लंड असं लिहिलंय, बाजूला चांदणी आणि क्रॉस. दुसरा जाडजूड, इंचाला जरा कमी रुंद, वेड अँड बुचर. तिसरा सोलिंगेन जर्मनी, हेंकेल्स, दोन माणसं हातात हात घालून उभी आहेत तो शिक्का. चौथ्याची मूठ पिवळट पारदर्शक, नाव गंजात गेलंय. पाचव्याची मूठ पांढरी, मामा म्हणतात हस्तिदंत, आणि पात्याच्या पाठीवर इंग्रजीत 'थर्सडे' कोरलंय, का ते देव जाणे. शिवाय चामड्याचा पट्टा आहे, वाळून पापड.

ओएलएक्सवर बघितलं तर एकजण ५०० मागतोय आणि दुसरा तसल्याच वस्तऱ्याचे ४५ हजार, 'अँटिक रेअर ब्रिटिश राज' वगैरे लिहून. घरात वापरणारं कुणी नाही, मी ट्रिमरवाला. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बफिंग मशीन आहे, चकाचक करून मग फोटो टाकू का?

निसणा
थांबा थांबा थांबा. बफ नको!!

बाळ्याभाऊ, आधी ते वस्तरे जसे आहेत तसे ठेवा, हात पण कमी लावा, हाताच्या घामाने रात्रीत बोटांचे ठसे उमटतात पात्यावर. बफिंगने तीन गोष्टी होतात, पहिली म्हणजे धारेचा भाग कागदासारखा पातळ असतो तो चाकावर क्षणात तापतो आणि पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, मग तिथे निळसर तपकिरी झाक येते आणि ती धार पुन्हा कधी टिकत नाही. दुसरी, शिक्क्याच्या आणि नक्षीच्या कडा बोथट होतात, पात्यावर सोनेरी मुलाम्याची अक्षरं असतील तर ती साध्या ब्रासोनेसुद्धा निघून जातात. तिसरी, चाकाने पातं हातातून हिसकावलं तर कुठे जाईल सांगता येत नाही. घेणारा जाणकार असेल तर गंजलेला वस्तरा घेईल पण बफ केलेला बघून पुढे जाईल, कारण चकाकीखाली काय दडवलंय ते त्याला कळत नाही.

फक्त मऊ कापडावर शिवणयंत्राचं तेल घेऊन हलक्या हाताने पुसा, पाठीकडून धारेकडे, धारेच्या लांबीला कधीच नाही. आणि फोटो टाका, पण असे: पूर्ण उघडा दोन्ही बाजूंनी, शिक्क्याचा जवळून, पाठीचा वरून, आणि धार थेट समोर धरून. शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे आणि विकणारे नेमके तेच टाकत नाहीत.

टवाळ
आमच्याकडे पण आजोबांचा वस्तरा आहे, आजी त्याने उसवायची. धार अजून आहे, कापड नाही राहिलं.

शेफिल्डवाली
अय्या, नॉरफोक स्ट्रीट! मी इथे शेफिल्डात राहते, नवरा युनिव्हर्सिटीत, त्या रस्त्यावरून आठवड्यातून एकदा तरी जाणं होतं. रॉजर्सचा कारखाना आता नाही पण चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही खूण इथल्या कटलर्स कंपनीने, म्हणजे चाकू-वस्तरे करणाऱ्यांच्या संघाने, १६८२ मध्ये दिलेली, म्हणजे अजून रायगडावर शंभूराजे होते तेव्हाची. हिंदुस्थानात रॉजर्सचे चाकू वस्तरे प्रचंड यायचे त्यामुळे तुमच्याकडे सापडला यात नवल नाही आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच तो फार दुर्मिळ पण नाही.

काळ ओळखायचा एक ठोकताळा सांगते. नुसतं 'शेफिल्ड' असेल तर बहुतेक १८९० च्या आधीचा, आणि 'इंग्लंड' पण असेल तर नंतरचा, कारण अमेरिकेने १८९० च्या मॅककिन्ली कायद्यात आयात मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली आणि मग कारखान्यांनी सरसकट घालायला सुरुवात केली. पक्का पुरावा नव्हे हं, काहींनी आधीपासून घातलंय काहींनी नंतर पण विसरले. शिक्क्याजवळ मुकुट आणि व्ही आर असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, डब्ल्यू आर असेल तर चौथा विल्यम, १८३० ते ३७, तसा निघाला तर मला आधी कळवा :)

वेड अँड बुचर मात्र बघायला आवडेल. ते मोठे पाचरी पात्याचे वस्तरे त्यांनी अमेरिकेसाठी ढिगाने केले, आजही सगळ्यात चढी बोली त्यांनाच लागते. इथे रविवारी कार बूट सेल असतो, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात, तिथे साधे वस्तरे पाच दहा पाउंडात मिळतात पण रुंद बुचर दिसला की म्हातारे एकमेकांना कोपरं मारतात.

निसणा
ताई बरोबर. रुंदीबद्दल एक, आपल्याकडे सुतार फॅब्रिकेटर सूत म्हणतात तेच माप इथे चालतं, इंचाचे आठ भाग. पाच सूत आणि सहा सूत ही नेहमीची मापं, सात सूत म्हणजे भारी, आठ सूत म्हणजे लोक खिसा उलटा करतात. बाळ्याभाऊ पट्टी लावून मोजा, पण पाठीपासून धारेपर्यंत, आणि दोन्ही टोकांना मोजा. टोकाला सहा सूत आणि मुठीकडे पाच भरलं तर कुणीतरी वाकडं घासून खाल्लाय.

डुसेलडॉर्फकर
राम राम. मी गेली काही वर्षं सोलिंगेनचे वस्तरे घेतो विकतो, धंदा नाही, छंद, पण छंदाचा खर्च त्यातून निघतो. इथून सोलिंगेन लोकलने अर्ध्या तासावर.

लोकांना वाटतं शिक्क्याला भाव आहे. शिक्का फक्त गिऱ्हाईक दुकानात आणतो, पैसे मिळतात ते धारेच्या शेवटच्या दोन मिलिमीटरचे. तिथे गंजाचे खड्डे असतील तर हेंकेल्स असो पूमा असो नाहीतर बोकरचा झाडवाला, तो वस्तरा दाढीचा राहिला नाही. पात्याच्या मधल्या भागावर काळे डाग असले तरी काही बिघडत नाही, लोक उगाच त्यावर भाव पाडतात आणि धारेतला बारीक खड्डा बघत नाहीत. मी नेमकं उलटं करतो, डागाळलेले घेतो.

दुसरं म्हणजे पाठ. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, म्हणून धारेचा कोन पाठीच्या जाडीने ठरतो, वेगळा धरावा लागत नाही. त्यामुळे दर धारेगणिक पाठ पण थोडी झिजते आणि तिथे सपाट चकचकीत पट्टा पडतो. बारीक एकसारखा पट्टा असेल तर उत्तम, वस्तरा नीट वापरलाय. रुंद असेल, दोन बाजूंना वेगळा असेल, तर कुणीतरी दाबून घासलंय. धार मध्ये खोल गेली असेल तर तो सोडून द्या, किंवा एक दोन युरोत द्या. धार मध्ये किंचित फुगलेली असेल तर चालते, पुष्कळ जुने तसेच घडवलेले असतात.

आणि 'सोलिंगेन' शिक्क्याचं पण सांगतो, १९३८ पासून जर्मनीत त्याला कायद्याचं संरक्षण आहे, महत्त्वाचं काम त्या भागात झालेल्या मालावरच नाव घालता येतं. त्याआधीचा शिक्का असेल तर नाव वाचून निश्चिंत होऊ नका. आणि आता ऑनलाइन सात आठशे रुपयांत नवीन वस्तरे मिळतात लाकडी पेटीसकट, ते बहुतेक सियालकोटकडचे, दिसायला वस्तरा आणि कामाला फूटपट्टी. त्यातले काही 'विंटेज' म्हणून परत विकायला येतात, काळवंडून.

नवखा_पुणे
मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी मागे एका परदेशी साइटवरच्या विक्रेत्याकडून घेतला होता, 'शेव्ह रेडी' लिहिलेलं, कस्टम ड्युटी वस्तू अधिक पोस्टेज अशा दोन्हीच्या बेरजेवर लागली, आणि आला तो लोणी पण कापेना. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बघितले बुधवारी, तिथे एक मनुष्य ताडपत्रीवर नळाच्या तोट्यांमध्ये वस्तरे घेऊन बसतो. तिथून घ्यावा का? न्हाव्याने वापरलेले असतात म्हणे, म्हणजे घाणच ना.

सलूनवाला_सातारा
नवखा भाऊ, घाण म्हणजे काय ते जरा सांगा की.

मी वाचत असतो इथे, लिहीत नाही. तिसऱ्या पिढीचं दुकान आहे आमचं. आमचे आबा धोकटी घेऊन पाच गावं फिरायचे, बलुतं चालू होतं तेव्हापासून. धोकटीत वस्तरे, निसणा म्हणजे धारेचा दगड, चामडी पट्टा, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा. वस्तऱ्याला पाणी लागलं तर आबा जेवायला बसायच्या आधी तो कोरडा करणार, पोराने हात लावला तर पाठीत धपाटा. पोट त्यावर होतं हो. दर गिऱ्हाइकाला गरम पाणी आणि तुरटी, तेव्हा तेवढंच होतं.

खरं सांगायचं तर आम्ही पण जुना वस्तरा आता गिऱ्हाइकाला लावत नाही. नव्वदच्या दशकात एड्सच्या बातम्या आल्या आणि लोक खुर्चीत बसायच्या आधीच विचारायला लागले नवीन पान टाकलं का, तेव्हा सगळ्यांनी अर्ध्या ब्लेडचे वस्तरे घेतले. दुधारी ब्लेड कागदातच मधोमध मोडायचं, अर्धं लावायचं, दाढी झाली की गिऱ्हाइकासमोर टाकायचं. ते बरोबरच आहे. कावीळ बी चा विषाणू तर वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहू शकतो असं आम्हाला असोसिएशनच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलेलं.

पण तुम्ही एकट्यासाठी घेणार असाल तर बाजारातला न्हाव्याचा वस्तरा नको यासाठी म्हणेन की तो संपलेला असतो. रोज वीस पंचवीस दाढ्या आणि दर चार दिवसाला निसणा, पातं चार सुतावर आलेलं. त्यापेक्षा बाळ्यादादांच्या आजोबांसारख्यांचा बरा, एका माणसाने स्वतःपुरता वापरलेला. न्हाव्याचा संपलेला आणि साहेबाचा राहिलेला. हाहा.

नवखा_पुणे
दादा, शब्द मागे घेतो, चुकीचं लिहिलं.

सलूनवाला_सातारा
असू द्या. जुना कुठलाही असला तरी आधी साबणाने धुवा, मग स्पिरिटमध्ये ठेवा, फक्त पातं. मूठ शिंगाची असेल तर उकळायची नाही, वाकडी होते आणि मग बंद करताना धार मुठीला घासते.

वाईकर_बाळ्या
बापरे एवढे प्रतिसाद. फोटो टाकलेत, बघा दिसतात का. पट्टीने मोजलं, रॉजर्स पाच सूत, हेंकेल्स सहाला किंचित कमी पण दोन्हीकडे सारखं, बुचर सात. थर्सडे आणि पिवळा पाच पाच. पेटी उघडली की कापराचा वास येतो, आजोबांनी कसर लागू नये म्हणून डांबर गोळी वगैरे ठेवली असावी का? आणि पिवळ्या मुठीच्या वस्तऱ्याच्या खिळ्याभोवती हिरवट साय आलीय. शेजारचा थर्सडे पण त्याच बाजूने गंजलाय, दुसरी बाजू स्वच्छ, हे कसं काय.

डुसेलडॉर्फकर
पिवळा आत्ताच्या आत्ता वेगळा काढा!! तो कापराचा वास मुठीचा आहे. सेल्युलॉइड, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून बनवायचे. म्हातारं झालं की ते कुजतं, आम्लाची वाफ सोडतं, त्याने स्वतःचं पातं तर खातंच आणि पेटीतल्या शेजाऱ्यांचं पण खातं. थर्सडेची ती एकच बाजू का गंजली ते हेच. लांब ठेवा, हवेशीर, आणि हो, मूठ ओळखायला गरम सुई लावायची म्हणून यूट्यूबवर दाखवतात तसलं काही करू नका, भडकन पेटतं. त्याला भाव नाही. मूठ काढून फेकायची आणि पातं उरलं तर उरलं.

निसणा
फोटो बघितले. हेंकेल्सच्या पाठीवरचा पट्टा बघा कसा धाग्यासारखा एकसारखा आहे, आजोबांचा हात फार चांगला होता. टोकाजवळ नखाएवढा डाग आहे पण धारेपासून लांब. पोकळ घासलेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट दिसतोय, अंगठ्याच्या नखाने पातं हळूच छेडलं तर घुंगरासारखा आवाज येईल. तसा आवाज पाचरी पात्याला येत नाही.

आणि तेच नखाचं काम बुचरवर करा. डाव्या अंगठ्याचं नख धारेखाली हलकंच टेकवा, दाब म्हणजे काहीच नाही, आणि धार नखावरून मुठीपासून टोकाकडे सरकवा. पात्याची कड वळताना उजेडात एक चमकदार रेघ पुढे पुढे पळते. ती कुठे अडखळली किंवा नखाला टिक लागलं तर तिथे तडा. जाड बुचरची धार तेवढी वळत नाही म्हणून भिंगाने पण बघा, गंजाच्या खड्ड्यातून सुरू होणारी केसासारखी काळी रेघ असते. मला फोटोत मध्याच्या जरा पुढे एक शंका येतेय, देव करो आणि तो धागा असो.

शेफिल्डवाली
थर्सडे म्हणजे सात दिवसांचा संच असायचा ताई-दादांनो, लांबट पेटीत सात वस्तरे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव, म्हणजे पोलादाला आठवडाभर विश्रांती मिळावी अशी तेव्हाची समजूत. सुटा वार फार महाग जात नाही, पण कुणाकडे सहा आहेत आणि गुरुवार हरवलाय असा मनुष्य भेटला तर तो तुमचे पाय धरेल.

अवांतर: पोलादाचा विषय निघालाय तर, १७९४ मध्ये मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना पाठवले होते. पुढे स्टोडार्ट नावाचा लंडनचा कटलर आणि मायकेल फॅरडे, हो तोच विजेवाला, दोघांनी १८२० च्या आसपास त्या पोलादाची नक्कल करायच्या नादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पोलादं केली, आणि फॅरडे त्याचे वस्तरे मित्रांना भेट द्यायचा. जुन्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' लिहिलेलं असतं ना, ते नाव तिथून चाललं, आत चांदी असते असं समजू नका. काही विक्रेते त्यावर पण भाव वाढवतात.

टवाळ
म्हणजे पोलाद आपलं, वस्तरा त्यांचा आणि बिनपाण्याची आपली.

काळा_कोट
मजा चाललीय ती चालू द्या पण पांढऱ्या मुठीबद्दल कुणीच बोललं नाही. फोटो मोठा करून बघितला. हाड असतं तर बारीक काळे ठिपके किंवा छोट्या रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. नकली म्हणजे सेल्युलॉइडचं असतं तर समांतर, छापल्यासारख्या एकसारख्या रेघा. याच्या टोकाच्या कडेला एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसतेय. माझ्या मते तो खरा हस्तिदंत आहे.

आणि तसा असेल तर तो विकायचा नाही. शंभर वर्षांचा असो, पणजोबांचा असो, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली विक्री गुन्हा आहे. 'ब्रिटिशांनी आफ्रिकेतून आणलेला होता' हे पण चालत नाही, १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा धंदाही बंद झाला. वारशाने आलेली वस्तू असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवायची तरतूद आहे, वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारा. ऑनलाइन फोटो टाकून 'आयव्हरी' लिहिणारे रोज दिसतात म्हणून ते कायदेशीर होत नाही, आणि 'मूठ विकतो, पातं फुकट' असली हुशारी पण नको. कासवाच्या पाठीची मूठ असेल तिलाही हेच.

दुसरं, १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची झाली तर पुरावशेषांचा कायदा आडवा येतो, तोही १९७२ चाच. पुरावशेष नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. रॉजर्सचं वय ताईंच्या ठोकताळ्याने तिथे जाऊ शकतं. तेव्हा ईबेवर डॉलरमध्ये विकायचं स्वप्न बाजूला ठेवा.

वाईकर_बाळ्या
धन्यवाद काळेकोटसाहेब, थर्सडे मागे घेतला. मामांना सांगितलं तर म्हणाले मी म्हणत होतो ना हस्तिदंत.

बुचरला नख लावलं. निसणाभाऊ, टिक लागलं. भिंगाने बघितलं तर रेघ आहे, धारेपासून वर तांदळाच्या दाण्याएवढी. मेला म्हणायचा का?

निसणा
दाढीसाठी मेला. तडा घासून काढायचा म्हणजे दोन अडीच सूत खायचे, मग त्या बुचरचं बुचरपण काय राहिलं. काचेच्या कपाटासाठी घेणारे घेतील पण जाहिरातीत पहिल्या ओळीत तडा लिहा आणि फोटोत बाण काढून दाखवा. न सांगता विकणारे आहेत, त्यांनी बाजार खराब केलाय. तडकलेलं पातं पट्ट्यावर पुसताना किंवा गालावर तुकडा पाडतं, ही चेष्टा नाही.

भाव माझ्या मते: रॉजर्स तीन ते चार हजार, मुठीचा खिळा ढिला वाटतोय. हेंकेल्स पाच, धार लावलेला असेल तर सहा साडेसहा. बुचर शोपीस म्हणून दीड ते दोन. हे भारतातल्या छंदवाल्यांचे भाव, ओएलएक्सच्या पंचेचाळीस हजारवाल्याचा वस्तरा मी दोन वर्षं तिथेच बघतोय.

डुसेलडॉर्फकर
हेंकेल्स पाचला स्वस्त देताय असं माझं मत. इथे तसला स्वच्छ ८०-९० युरोला आरामात जातो. रॉजर्सबद्दल मात्र मी म्हणेन अडीच.

निसणा
डुसेलभाऊ, तिथला युरो आणि इथलं गिऱ्हाईक यात कस्टम आहे. इथे घेणारे मोजके लोक आहेत आणि त्यातले निम्मे याच धाग्यावर आहेत.

नवखा_पुणे
मी घेऊ का हेंकेल्स? पहिला वस्तरा म्हणून चालेल का, आणि धार कोण लावून देईल? माझ्याकडे घरी सुरीचा हजार नंबरी दगड आहे.

सलूनवाला_सातारा
हजारवर वस्तऱ्याची नुसती बैठक बसते, दाढी नाही होत. त्याच्यावर चार, आठ, बारा हजार असं चढत जावं लागतं. पहिल्यांदा शिकताना महागाच्या वस्तऱ्यावर दगड चालवू नका, चामडी पट्ट्यावर पुसतानाच निम्मे लोक धार घालवतात. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे, टोकाला पोचलं की पाठीवरून पलटायचं, धारेवरून पलटलं की पट्टा कापला आणि धार पण गेली. पट्टा ताठ धरायचा, लोक सैल सोडतात मग धारेची कड गोल होते. पिक्चरमध्ये फटाफट मारताना दाखवतात तसं आमच्या आबांनी पण कधी केलं नाही.

बाळ्यादादा, वाईहून सातारा काय लांब आहे. हेंकेल्स माझ्याकडे आणून द्या, मी धार लावतो, दगड आहेत माझ्याकडे, पाठीला चिकटपट्टी लावून करीन म्हणजे आजोबांची ती बारीक रेघ तशीच राहील. मग नवखा भाऊ इथेच या, एक दाढी तुमची तुमच्या हाताने माझ्यासमोर करा. तीस अंशाचा कोन, कातडी ताणून, आधी फक्त गाल. हनुवटीला पहिले काही आठवडे जायचं नाही.

नवखा_पुणे
दादा दंडवत. शनिवारी येतो. धारेचे किती घ्याल?

सलूनवाला_सातारा
चहा. आणि 'घाण' म्हणालात त्याचा एक वडापाव.

वाईकर_बाळ्या
हाहाहा. ठरलं, नवखा यांना हेंकेल्स पाच हजाराला, उद्या साताऱ्यात देऊन येतो. रॉजर्स कुणाला हवा असेल तर तीन, व्यक्तिगत निरोप करा. पाठवताना काय काळजी घ्यायची?

निसणा
रॉजर्स मी घेतो. खिळा मी बसवीन. पाठवायचा असा: पात्याला तेलाचा हलका हात, मेणकागद, मूठ बंद करून वर दोन रबरं, मग धारेच्या बाजूने पुठ्ठा दुमडून चिकटपट्टी, आणि हे सगळं पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात. नुसता फुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलात तर वाटेत उघडतो आणि पोस्टातल्या माणसाचा हात जातो. स्वतः विमानाने न्यायचा झाला तर सामानात टाकायचा, केबिन बॅगेत नाही, मुंबईला माझ्या देखत एकाचा काढून घेतला होता.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी बाथरूममध्ये ठेवू नये, कपाटात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. पावसाळ्यात एक रात्र पुरते.

शेफिल्डवाली
आणि माझा बुचर? दीड हजार देते, तड्यासकट. कपाटात ठेवणार, ज्या गावचा त्या गावी परत येईल बिचारा.

वाईकर_बाळ्या
ताई दिला असता, पण त्याच्या शिक्क्यात नुसतं शेफिल्ड आहे, इंग्लंड नाही, म्हणजे तुमच्याच हिशोबाने १८९० च्या आधीचा. काळेकोटसाहेब बघतायत.

काळा_कोट
बघतोय.